आठव्या आठवड्याचा फोटो

माझ्या यकृतात चरबी आहे हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही अक्काला त्याचा तुकडा पाहिजे होता म्हणून. एरवी सेलूत सरकी-पेंडीचं दुकान चालवणाऱ्या एकशे सहा किलोच्या माणसाला यकृत कुठं असतं तेच ठाऊक नसतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पेडगावला दिलेली. जन्मात चहाच्या पुढं काही प्यायली नाही, रोज तळहातावर लिंग घेऊन पूजा करणारी बाई, आणि नेमकं तिचंच यकृत आकसत चाललं होतं. पोटात पाणी भरायचं, ते काढायचं, पुन्हा भरायचं. डोळे पिवळेधमक. संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता औषधानं भागणार नाही, घरातल्या कुणीतरी यकृताचा तुकडा द्यावा लागेल, देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. दाजींना साखर. दोघांना मूलबाळ नाही. आई-अप्पा कधीचे गेलेले. उरलो मी. रक्त जुळलं तेव्हा मला केवढा आनंद झाला, काय सांगू! मग माझ्या पोटाचा फोटो काढला आणि बाईंचा चेहरा उतरला.

"यकृतात चरबी आहे. असं यकृत देता येत नाही. तुम्हालाही धोका, त्यांनाही."

"मग आता?"

"चाला. दम लागेल असं चाला, रोज. एक दिवसाआड वजनं उचला. आठ आठवड्यांनी या, पुन्हा फोटो काढू. उशीर मात्र करू नका. त्यांच्याकडं किती दिवस आहेत ते मलाही सांगता येणार नाही."

मी दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "आणि वजन मोजत बसू नका. उतरेल किंवा उतरणार नाही. आपल्याला आतलं बघायचंय."

हे मी ऐकलं. पण जाड माणसाशी लोक कायम असलं गोड गोड बोलतात. बाईंनीही माझं मन राखलं, असं धरून मी जिना उतरलो.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे जिनिंगच्या रस्त्यानं चालू लागलो. रेल्वेच्या फाटकापर्यंत जाता जाता जीव कंठाशी आला. मांड्या घासून सोलपटल्या. आमचा हमाल सायकलवरून येत होता, तो ओरडला, "मालक, कुत्रं लागलंय का मागं?"

"तुझीच हजेरी घ्यायला निघालोय! हो पुढं!" मी म्हणालो, पण शेवटचे शब्द तोंडातून निघालेच नाहीत, नुसती हवा निघाली. वजनं उचला म्हणाल्या होत्या ना, तर दुकानातली पेंडीची पोती मी स्वतः उचलायला लागलो. हमाल खूष. पगार चालू आणि मालक पोत्याखाली.

चालून आलो की दुकानाचं शटर अर्धं वर करायचं आणि पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर उभं राहायचं, हा माझा नेम झाला. बाईंनी नको म्हटलेलं नेमकं तेच. पण काय करणार, आमच्या धंद्यात काटा बोलला की वाद संपला. गिऱ्हाईक असो, भाऊबंद असो, काट्यापुढं कुणाचं काही चालत नाही. पहिला आठवडा, एकशे सहा. दुसरा, एकशे सहा. तिसऱ्याला एकशे साडेपाच झाले आणि मी हमालाला जिलेबी आणायला पाठवलं. चौथ्याला परत एकशे सहा. जिलेबी मी खाल्ली नव्हती, पण राग त्या जिलेबीवर काढला.

संध्याकाळी अक्काचा फोन ठरलेला.

"किती झालं रे?"

"उतरायलंय, अक्का."

"लय तरास नको करून घेऊस जिवाला."

"तू गप. तू फक्त दम धर."

तिचा आवाज दर आठवड्याला बारीक होत चालला होता आणि इकडं काटा ढिम्म. फोन ठेवला की मी त्या काट्याकडं असा बघायचो, की उचलून रस्त्यावर फेकून द्यावा.

सहाव्या आठवड्यात बायको म्हणाली, "आवो, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागायलंय."

"पट्टा जुना झालाय. ताणलाय."

"पट्टा ताणतोय, न्हाई का? आन् ह्या पँटी? त्या बी ताणल्या? गोदामाचा जिना चढताना आता थांबत बी न्हाई तुमी."

"काटा बघ, काटा! मला शिकवू नको!"

"काट्याला काय कळतंय," म्हणून ती आत गेली. मी तिच्यावर उगाच ओरडलो. जिन्याचं तर माझ्याही ध्यानात आलं होतं. पण ते मी हिशोबात धरलंच नाही.

आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. सरकी घ्यायला बसतो तेव्हा मी काय करतो? वजन नंतर. आधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, ओल बघतो, दाणा दाताखाली फोडतो. ओल्या सरकीचं वजन चांगलं भरतं आणि माल कुजका निघतो, हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. माणसं मला फसवू शकली नाहीत. आणि स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मी त्या आकड्यापुढं हात जोडून बसलो.

आठवा आठवडा आला. रेल्वेचं तिकीट खिशात होतं. निघायच्या दिवशी सकाळी काट्यावर उभा राहिलो. एकशे पाच. दोन महिन्यांत एक किलो! बाईंसमोर हे तोंड घेऊन जायचं? त्या म्हणणार, एवढंच? मग फोटोत चरबी तशीच दिसणार, मला कायमचं नापास करणार आणि अक्काचं दार बंद होणार. त्यापेक्षा शंभराच्या आत येऊन जाऊ, असं मी ठरवलं. दवाखान्यात फोन केला आणि सीझन चालू आहे म्हणून सांगितलं. चार आठवड्यांनी पुढची तारीख घेतली.

अक्काला म्हणालो, "दवाखान्यानंच तारीख पुढं ढकलली."

"ढकलू दे की. मी कुठं चाललेय?"

त्या चार आठवड्यांत मी दोन वेळा चालायला लागलो. भाकरी अर्धी केली, मग चतकोर. दुकानात चक्कर येऊन एकदा पोत्यावर बसलो तर हमालानं पाणी मारलं. अक्काच्या पोटातलं पाणी पुन्हा काढलं, आठ दिवसांनी पुन्हा. फोन वाजला की आधी पेडगावचा तर नाही ना, ते बघायचो. तरी मी निघालो नाही. एकशे चार. एकशे तीन. अजून तीन किलो, अजून तीन किलो, एवढंच डोक्यात.

बाराव्या आठवड्यात भर दुपारी दाजींचा फोन आला. "तुमच्या अक्काचा ताप उतरंना. संभाजीनगरला आणलंय. तुमी या."

मी होतो तसा निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी माझा फोटो काढला. जुना आणि नवा, दोन्ही शेजारी शेजारी लावून त्या बघत होत्या, आणि मी खुर्चीच्या कडेला बसून देवाचं नाव घेत होतो.

"चरबी उतरली," त्या म्हणाल्या. "चांगली उतरली. हे यकृत चालेल."

"पण बाई, वजन तर..."

"वजनाचं काय घेऊन बसलात? कातडीखालची चरबी म्हणजे शरीराचं गोदाम. गोदाम बिघडलं की माल बाहेर सांडतो आणि यकृतात जाऊन साचतो. तुम्ही चाललात, पोती उचललीत, त्यात स्नायूंनी माल जाळला. गोदामही सुधारतं, त्याला रक्तपुरवठा चांगला होतो. वरून पोट जवळजवळ तेवढंच दिसतं, आत मात्र पुष्कळ बदललेलं असतं." मग त्यांनी विचारलं, "पट्टा ढिला झाला होता का?"

"सहाव्या आठवड्यात."

त्यांनी चष्मा काढला.

"आठव्याला आला असतात तर फोटो काढून सांगता आलं असतं," एवढंच म्हणाल्या.

"मग आता घ्या ना! आत्ता घ्या. मी उपाशीच आहे."

"त्यांच्या पोटातल्या पाण्यात जंतू झालेत, रक्तात पसरलेत. ताप उतरल्याशिवाय त्यांना टेबलावर घेता येत नाही."

अक्काला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. मला पाच मिनिटं आत सोडलं. तिनं डोळे उघडले.

"जमलं का रे तुझं यकृत?"

"जमलं, अक्का. बाई म्हणाल्या, एकदम चांगलंय." मग मला राहवेना. "अक्का, तारीख दवाखान्यानं न्हाई, मी ढकलली होती. मला वाटलं..."

तिला ऐकू गेलं की नाही, मला आजही माहीत नाही. तिनं हात वर केला, माझ्या पोटावर ठेवला आणि शर्ट चिमटीत धरून बघितला.

"वाळलास की रे," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी अक्का गेली. पेडगावच्या शेतात आमच्या लिंगायत रीतीप्रमाणं तिला मातीत बसवलं, हातावर तिचं लिंग ठेवलं. लोक पांगल्यावर बांधावर मी दाजींना सगळं सांगितलं. काटा, तारीख, खोटं बोललो ते. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "सकाळपासून तुमी पाणी प्यायला न्हाई."

चालणं मी सोडलेलं नाही. यकृत चांगलं आहे, बाईंनी मध्यंतरी पुन्हा बघितलं. दाजी आता एकटेच असतात. चार आठवडे तू काय करत होतास, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. विचारावं म्हणून मी दर सोमवारी पेडगावला जातो, त्यांच्यासमोर बसतो, आणि ते उठून माझ्यासाठी चहा ठेवतात.