दुसरा भाग

विट्याच्या वाचनालयातले ते गृहस्थ स्वतः वाचल्याशिवाय एकही पुस्तक कुणाला देत नसत. द्यायच्या आधी चष्म्यावरून बघायचे आणि घरी कोण कोण आहे ते विचारायचे. त्या वर्षी माझी लेक सांगलीला कॉलेजच्या होस्टेलात होती, आणि नेमकी तेव्हाच मी एक भयंकर कादंबरी वाचत होते. विद्यापीठातली पोरं गुप्त मंडळ काढतात, काळी विद्या शिकतात आणि एक मुलगी नाहीशी होते. पहिला भाग संपवून मी दुसरा मागायला गेले.

"न्हाई देणार, वैनी."

"आवं, ती पोरगी जिती हाय का, एवढं तरी सांगा!"

ते हातातला शिक्का नुसताच टेबलावर टेकवत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझी थोरली बी सांगलीला तुमच्या लेकीच्याच कॉलेजात शिकती. ह्ये वाचल्यापासनं झोप न्हाई. उद्याच्या यष्टीनं बघून येतो. तुमच्या लेकीला काय द्यायचंय?"

मला हसू आलं नाही. चकल्या बांधून दिल्या.

तिसऱ्या दिवशी ते परतले. "दोघी बऱ्या हायत. लय हसल्या मला," म्हणाले आणि दुसरा भाग पुढं सरकवला.

मी तो घरी नेला खरा, पण लेक सुट्टीला आल्यावर, तिला शेजारी बसवूनच उघडला.