गेली म्हणजे कुठे?

चाकूरजवळच्या एका गावात मी दर दोन वर्षांनी तीच घरं, तीच माणसं गाठून आरोग्याचे तेच प्रश्न विचारत असे. माणसं तीच राहायला हवीत, त्यातच त्या सर्वेक्षणाचा जीव. यादीतली एक बाई मात्र मला पाहताच कावायची. "पुन्हा आलाव का ताई? दम लागतो म्हनून मागल्या बारीलाच सांगितलं व्हतं की. लिहून काय झालं?" तरी चहा ठेवायची आणि धापा टाकत सगळी उत्तरं द्यायची. "दम लागतो का?" पुढे मी टॅबवर "हो" वर बोट ठेवायची.

तिसऱ्या फेरीत दाराला कुलूप होतं. शेजारीण ओट्यावर तूर निवडत होती. "गेली की ती. पंधरा दिस झाले," एवढंच म्हणाली. मला लोह्याची एस.टी. धरायची होती. बाईची लेक पुण्याला असते हे ठाऊक होतं, म्हणून काही न विचारता मी "गाव सोडलं" वर बोट ठेवलं आणि निघाले. माणूस गेलं म्हणजे काय, हे मराठी बाईला कुणी शिकवावं लागतं का?

लातूरच्या ऑफिसात साहेब अशांना 'गळती' म्हणत. गळतीने आकडे लंगडे होतात, म्हणून रिकाम्या रकान्यात त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या, सापडलेल्या बायांची उत्तरं भरायची. गैरहजर पोरीची हजेरी मैत्रिणीने द्यावी, तसं. मी विचारलं, "सर, न सापडलेल्याच जास्त आजारी असल्या तर?" साहेब हसले. "तसं आपण धरत नाही." तिची आधीची उत्तरं कुणी पाहिली नाहीत. तिच्या ओळीत "दम लागतो का?" पुढे "नाही" आलं. गावाची तब्येत सुधारली म्हणून अहवालाचं कौतुक झालं, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. आज स्वतःचीच चीड येते.

चौथ्या फेरीत दार लेकीने उघडलं. पुणं सोडून ती आता इथेच राहत होती. मी विचारलं, "आई कुठे असतात आता?"

ती बघतच राहिली. "आई वारली की. तुमी कुलूप बघून गेलाव त्याच्या आधी पंधरा दिस. शेजारच्या काकूनं सांगितलं न्हाई का?"

सांगितलं होतं.

मी मान खाली घालून टॅबवर "मृत" निवडलं. अहवाल केव्हाच छापून झाला होता. लेक भिंतीला टेकून बसली. "दमानंच गेली. तिचं लिहिलं व्हतं ना तुमी?"

"हो," मी म्हणाले. दोन फेऱ्यांपुरतं ते खरं होतं.

"मग माझंबी लिवा. मलाबी दम लागायलाय."

"मृत" म्हटलं की फॉर्म बंद होतो, आणि लेकीचं नाव यादीत नव्हतं. तरी मी बंद पडद्यावर बोट फिरवत राहिले, लिहितेय असं तिला वाटावं म्हणून.