डामडौल

तीर्थपुरीच्या बसस्टँडवरून मी पुण्याला निघाले तेव्हा माझ्या डोळ्यांवर गॉगल होता आणि हातात चाकांची लाल बॅग. स्टँडच्या मातीत ती चाकं दोन पावलंसुद्धा फिरली नाहीत. शेवटी माझ्या वडिलांनी, आबांनी, बॅग खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "काहून करून राह्यली माय एवढा डामडौल? नोकरीला चालली का वरातीला?" मला असा राग आला, की बस सुटताना मी खिडकीतून हातही हलवला नाही. त्याची लाज अजून वाटते.

गावाकडच्यांनो, तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या घरात हा शब्द दिवसातून चारदा तरी निघायचा. चुलतभावाच्या ट्रॅक्टरवरचे स्पीकर म्हणजे डामडौल, आईची नवी पर्स डामडौल, आणि नवरदेवाच्या घोड्यामागे उंटही आणला तर तो 'बिलकुल डामडौल'. पण त्यातला अर्धा शब्द आबांचा फार लाडका. ज्वारी कणसात आली की बांधावर थांबून म्हणायचे, "पाह्य, कसा डौल हाये!" डौल अंगचा असतो, डामडौल वरून चढवावा लागतो, हे मला पुण्याच्या ऑफिसात लोकांची प्रेझेंटेशनं ऐकता ऐकता कळलं.

यंदा मी फ्लॅट घेतला. माझा, माझ्या पगाराचा! वास्तुशांतीला आबा पहिल्यांदाच पुण्याला येणार होते. मी हौसेनं सोसायटीच्या गेटवर भलामोठा फ्लेक्स लावला. त्यावर माझा फोटो, आबांच्या नावासकट माझं पूर्ण नाव आणि खाली 'मु. पो. तीर्थपुरी, जि. जालना'. आबा रिक्षातून उतरले आणि माझी पाचावर धारण बसली. आता चारचौघांत तो शब्द येणार.

आबांनी चष्मा पुसून फ्लेक्स वाचला. मग पुन्हा वाचला.

"हा डामडौलच हाये," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "अन् येवढा केलाच व्हता तं बराबर करायचा. गावाचं नाव काहून इतकं बारीक टाकलं?"

मग त्यांनी रिक्षावाल्याला थांबवून फ्लेक्सपुढे आमचा फोटो काढायला लावला. छाती अशी काढून उभे राहिले, की मला हसू आणि रडू एकदमच आलं.

पूर्वी कुणी गाव विचारलं की मी 'मराठवाड्यातली' एवढंच सांगून मोकळी व्हायचे. आता तीर्थपुरी म्हणते, चांगलं मोठ्यांदा. कुठं आलं ते समोरच्यानं विचारावं.