दादाचा बेस आणि माझा फटका

माझा दादा मटणाच्या दुकानात हाडं तोडतो. त्याचा सत्तूर खाली आला की गिऱ्हाईक एक पाऊल मागे सरकतं. रविवारी दुपारी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत, लोखंडी आकड्यांखाली, हाच माणूस बेस गिटार वाजवायचा आणि मी ड्रम. तेही फक्त नव्वदच्या दशकातलं हेवी रॉक. शेजारी म्हणायचे, आतही कापाकापीच चालते. दादाची पहिली गिटार बाबांनी त्याच्याच पाठीवर फोडली होती. त्याने दुसरी घेतली.

लोकांना वाटतं ही गाणी म्हणजे नुसता धिंगाणा. दादासमोर असं म्हणून बघा! एकेक गाणं तो मला शंभरदा ऐकायला लावायचा. "मूर्खा, आवाज काय, कुणीही करेल. कडव्यात ड्रमवाला किती हात आखडून वाजवतोय बघ. गाणारा नुसता पुटपुटतोय. सगळ्यांनी राग दाबून धरलाय. म्हणून धृपद आलं की छातीवर लाथ बसते." मी चुकलो की मात्र खरीखुरी लाथ बसायची.

हे सगळं आम्ही एका कॅसेटवरून शिकलो. आमचा टेपरेकॉर्डर जुनाट, त्याची मोटर दमलेली. गाणी संथ आणि खालच्या सुरात ऐकू यायची. ती असतातच तशी, असं आम्ही धरून चाललो आणि तारा सैल करून अकरा वर्षं तशीच वाजवली.

मग आमच्यासोबत वाजवायला एक गिटारवाला आला. चष्मिस, शिकलेला. आम्ही त्याला प्रोफेसर म्हणायचो. दुसऱ्याच रविवारी त्याने त्याच गाण्यांची सीडी आणली. गाणं सुरू झालं. केवढा वेग, केवढा चढा सूर! प्रोफेसर पोट धरून हसला. "अहो, अकरा वर्षं तुम्ही बिघडलेला टेप वाजवताय!"

दादाची तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने प्रोफेसरला भिंतीवर आपटलं. चष्मा फुटला, नाकातून रक्त आलं, तरी तो गाढव हसतच होता. मग दादाने उजव्या हाताने त्याचा गळा धरला आणि डावा पंजा भिंतीला टेकवून जोर लावला. हसू थांबलं. डोळे पांढरे झाले. मी ओरडलो, दादाच्या खांद्याला लोंबकळलो, त्याने मला झटकून टाकलं. मी झांजेचा लोखंडी स्टँड उचलला. डोक्यात घातला असता तर दादा मेला असता. भिंतीवरचा हात दिसला, त्यावर घातला.

प्रोफेसर वाचला. दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत. दवाखान्यात आईने डॉक्टरांना एवढंच विचारलं, "कामावर जाता येईल ना?" सत्तूर उजव्या हातात असतो. डॉक्टर म्हणाले, येईल. आईने हात जोडले. बेसच्या तारा डाव्या हाताने दाबायच्या असतात, ते मात्र कुणीच विचारलं नाही.

प्लास्टर असताना दादा घरी तीच सीडी ऐकत बसायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, "खरं गाणं आपल्याहून भारी आहे रे. बेसवाला ऐक. गिटारच्या मागे धावत नाही, गाणाऱ्याला सांभाळतो." आणि ढसाढसा रडला.

मग त्याने बेस माझ्या मांडीवर आदळला. "वाजव."

हल्ली रोज संध्याकाळी तो माझ्यासमोर बसतो. माझं बोट चुकलं की कानाखाली वाजवतो. मी हात आडवा धरत नाही.