चार वाजताचं आमंत्रण

आमच्या घरात एक इंटर्न आहे म्हटलं की लोक विचारतात, "मुलगा की मुलगी?" मी सांगतो, "बायको."

अनुराधा बावन्न वर्षांची आहे. आमची तन्वी शिकायला बंगळुरूला गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा हिने जपानी भाषेचा वर्ग लावला. चार दिवसांचं खूळ असेल म्हणून मी गप्प बसलो. पण खूळ उतरायचं नाव घेईना, आणि यंदा बाईसाहेब शहरातल्या जपानी-अमेरिकी मैत्री मंडळात इंटर्न म्हणून दाखल झाल्या. बरोबरच्या मुली तन्वीच्या वयाच्या. त्या हिला आंटी म्हणत आणि सगळी किचकट कामं हिच्या गळ्यात मारत. माझा जीव जळायचा, ही मात्र खूश. पुण्याहून हैदराबादला ती आली माझ्या नोकरीपायी. इथल्या ओळखीपाळखी माझ्या, सणावारी येणारे पाहुणेही माझेच. हे एक काम तेवढं तिचं स्वतःचं होतं. इंटर्नशिप संपल्यावर एकीलाच कायम ठेवणार होते आणि ती जागा तिला मनापासून हवी होती. तोंडाने बोलत नव्हती, पण देवासमोरची उदबत्ती एकाची दोन झाली होती.

नोकरीधंद्यासाठी इथे राहणाऱ्या जपानी आणि अमेरिकी कुटुंबांना एकमेकांच्या आणि आपल्या लोकांच्या जवळ आणायचं, हे मंडळाचं काम. त्यात घोडं अडायचं वेळेपाशी. जपानी मंडळी ठरल्या वेळेच्या आधी दारात, अमेरिकी थोडी मागेपुढे, आणि आपली? आपली निघालेली असतात, पण अजून घरीच असतात. अनुराधाने यावर शक्कल काढली. कार्यक्रम सहाचा असला की मोबाइलवर आपल्या लोकांच्या ग्रुपला चार कळवायचे, अमेरिकनांना साडेपाच आणि जपान्यांना सहा. सहाला सगळे हजर! मंडळाच्या अमेरिकन संचालिका लिंडाबाई याला अनुराधाची जादू म्हणत. जादू कशी होते ते त्यांना ठाऊक नव्हतं.

इंटर्नशिपमधला तिचा शेवटचा कार्यक्रम जुलैत होता. मनातली इच्छा रंगीत कागदावर लिहून बांबूला बांधायचा जपानी सण, आणि जोडीला अमेरिकनांचं गाणंबजावणं. अफझलगंजहून आणलेला दोरा आणि कागद घेऊन आम्ही चारच्या सुमारास विद्यानगरातला हॉल उघडायला गेलो, तर फाटकाबाहेर झाडून सगळी जपानी कुटुंबं ओळीने उभी. उन्हात, छत्र्या उघडून, शांत.

अनुराधाने मोबाइल पाहिला आणि मटकन पायरीवर बसली. घाईत दोन ग्रुपचे निरोप उलटे गेले होते. जपान्यांना चार, आपल्यांना सहा.

"अहो, संपलं सगळं," ती म्हणाली.

"वेळ ऐनवेळी बदलली म्हणून सांग. कोण विचारतंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोऱ्याचं रीळ सोडवायला लागलो. मग ती उठली, त्यांच्यासमोर कमरेत वाकली आणि जपानीत सगळं खरं खरं सांगून मोकळी झाली: आमची माणसं उशिरा येतात, म्हणून त्यांना मी लवकरची वेळ कळवते, आणि आज तो निरोप चुकून तुम्हाला आला.

मोरिता नावाचे वयस्क इंजिनिअर पुढे झाले आणि सावकाश काहीतरी म्हणाले. ऐकता ऐकता अनुराधाचे डोळे भरून आले. मी घाबरलो. तिने मला अर्थ सांगितला: "सहा वर्षं मी इथे पाहुणा आहे. घरच्या माणसांची वेळ आज पहिल्यांदा मला मिळाली." एवढं बोलून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि खुर्च्या मांडायला घेतल्या. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

साडेपाचला लिंडाबाई आल्या तेव्हा हॉल सजून तयार होता आणि जपानी बायका अनुराधाच्या हातचा चहा पीत मांडी घालून हसत होत्या. इतक्या मोकळ्या हसताना त्यांना कुणीच पाहिलं नव्हतं.

आपली मंडळी उगवली ती गाणी संपत आल्यावर. काचीगुड्याचे प्रतापराव तर दारातूनच ओरडले, "अरे, इतक्यात खतम? हैदराबादेत सहाचं कधी सहाला असतं का? हौला समझे क्या हमको?" हौला म्हणजे इथल्या बोलीत खुळा.

लिंडाबाईंनी अनुराधाला बाजूला घेऊन विचारलं, "आज हे झालं काय?" मी देवाचं नाव घेतलं. तिने त्यांनाही सगळं सांगितलं, जादूसकट.

"आणि मला वेळ कुठली दिली होतीस?"

"साडेपाच," अनुराधा खाली मान घालून म्हणाली.

लिंडाबाईंनी हॉलभर नजर फिरवली. मोरिता एका स्टुलावर चढून प्रतापरावांचा कागद उंच फांदीला बांधत होते.

"पुढच्या वेळी मलाही चारच सांग."

मी हसलो. अनुराधा हसली नाही. तिला त्यातलं 'पुढच्या वेळी' तेवढंच ऐकू आलं होतं, आणि भर हॉलमध्ये माझा हात घट्ट धरून ती रडायला लागली.