माझ्या फिटची शूटिंग

माझी फिट आमच्या हिंगोलीकडच्या सगळ्या गोरेगावानं पाहिली होती. राहिलो होतो फक्त दोघं. एक मी आणि दुसरे नांदेडचे डॉक्टर.

मला दिसायची नाही, कारण मी तिच्या आत असायचे. आणि डॉक्टरांसमोर ती यायची नाही. पाहुण्यांच्या पंगतीत यायची, हिंगोलीच्या बसस्टँडवर यायची, डी.एड. कॉलेजच्या प्रार्थनेत तर ओळीत उभी राहून यायची. पण दवाखान्याची पायरी चढले की मी इतकी ठणठणीत, की कंपाउंडर मायकडे बघून विचारायचा, "पेशंट तुम्हीच का?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते आणि प्राचार्यांनी मला घरी पाठवलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आजार असेल तर डॉक्टरांचं लिहून आणा, नाटक असेल तर ते घरी करा.

नाटक हा शब्द आमच्या घरात आधीच येऊन बसला होता. दुसऱ्या एखाद्या घरात जन्मले असते तर निदान माझ्या अंगात आलं असतं, चार बायका पाया पडल्या असत्या, नारळ मिळाले असते. पण आमचं घर बौद्ध आणि बाबा कडक. शेजारची मावशी दबक्या आवाजात म्हणायची, "पोरीच्या अंगात येऊन राहिलं." बाबा शिलाई मशीन थांबवून म्हणायचे, "आपल्यात हे न्हाई." झालं. देवी बाद. मग माझ्यासाठी दोनच दारं उरली, आजार नाहीतर नाटक. हिंगोलीच्या एका डॉक्टरांनी तर सांगून टाकलं होतं की लग्न लावून द्या, आपोआप थांबेल. मामानं लगेच एक स्थळ काढलं. अट एकच, तिकडच्यांना फिटबद्दल कळू द्यायचं नाही.

मी म्हटलं, एकदा नांदेडला जाऊन येऊ. तिथंही नाटकच ठरलं तर तुम्ही म्हणाल तिथं बोहल्यावर उभी राहते.

नांदेडच्या डॉक्टरांनी डोक्याला वायरी लावून कागदावर रेघा काढल्या. रेघा छान आल्या. मग त्यांनी विचारलं, फिटमध्ये नक्की काय होतं? माय म्हणाली, डोळे फिरवते. बाबा म्हणाले, काही नाही, नुसती बसते. मामा म्हणाला, हसते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही तिघं तीन मुलींबद्दल सांगताय. मी एकदा डोळ्यांनी पाहिली असती तर काही बोलता आलं असतं." मग माझ्याकडे बघून ते हसत म्हणाले, "पुढच्या वेळी येताना फिट सोबत घेऊन या."

मी म्हणाले, "आणते."

गोरेगावात एक शूटिंगवाला होता. खांद्यावर ठेवायचा मोठा कॅमेरा, छोट्या पेटीएवढा. लग्न, बारसं, वास्तू, निवृत्ती, सगळं काढायचा. मी बाबांना घेऊन त्याच्या दुकानात गेले.

"फिटची शूटिंग?" तो म्हणाला. "ताई, आमी शुभकार्याची करतो."

"मग शुभकार्य समजा."

"समजा तुमाला आलीच न्हाई तर?"

"नवरदेव उशिरा आला तर तुमी काय करता?"

"बसून राहतो."

"मग बसा."

माय घरी डोक्याला हात लावून बसली. "जगाला दाखवायची का ही अवदसा?"

"जगानं पाह्यलीच हाय, माय. आता मला पाहू दे."

माझ्या फिटला एक सवय होती. महिन्याच्या त्या दिवसांच्या आसपास ती हमखास यायची. हे मायला आणि मलाच ठाऊक. त्या हिशोबानं शूटिंगवाल्याला बोलावलं आणि मावशीला सांगितलं की स्थळाला दाखवायची कॅसेट काढून राहिलो. त्यामुळे मला ठेवणीतली साडी नेसावी लागली. कॅमेरा आला म्हटल्यावर तो माणूस गप्प कसा बसेल! ताई, दारातून या. आता परत या. आता हसत या. तुळशीला पाणी घाला. आमच्याकडे तुळस नाही म्हटल्यावर त्यानं मोगऱ्याला घालायला लावलं. पहिला दिवस असा गेला. मोगरा सडायची वेळ आली, पण फिट काही आली नाही. इतकी वर्षं जिच्यापासून लपत होते तिची मी दारात उभी राहून वाट पाहत होते. माझी मलाच गंमत वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात तूर पाखडत बसले होते. समोर मावशी तिच्या सुनेच्या तक्रारी सांगत होती. मला एवढंच आठवतं की सुपातली तूर एकदम फार लांब गेली.

डोळे उघडले तेव्हा मायच्या मांडीवर होते. पहिला प्रश्न मी विचारला, "आली का?"

शूटिंगवाला भिंतीला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक, पण कॅमेरा अजून खांद्यावर. "आली, ताई," तो म्हणाला. "सगळी आली."

त्यानंतर कॅसेटसाठी आम्ही त्याच्या मागेच लागलो. एका सकाळी जीपमधून सेनगावला लग्नाला जाता जाता त्यानं ती बाबांच्या हातात दिली. "मिक्सिंग करून दिली. बघा, कशी झाली."

मिक्सिंग! आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं.

मावशीकडे रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर होता. आम्ही सगळे तिथं बसलो. सुरुवातीला बासरी वाजली. कमळ उमललं, कमळात मी. मग मी दारातून आले, तीनदा आले, तिसऱ्यांदा हळूहळू तरंगत आले. मोगऱ्याला पाणी घातलं. पाण्याचे बदाम झाले. मी सूप घेऊन बसले, वर पाहिलं आणि पडद्यावर एक मोठा लाल गुलाब फिरत फिरत आला. गुलाब गेला तेव्हा मी मायच्या हातून पाणी पीत होते.

समाप्त.

"लई गोड दिसून राहिली गं," मावशी डोळे पुसत म्हणाली.

फिट गुलाबाखाली गेली होती. त्या माणसाचा काही दोष नाही. त्याच्या धंद्याचा तो नियमच होता. नवरीचं रडताना वाकडं झालेलं तोंड, पिऊन पडलेला काका, वाढप्याशी भांडण, सगळं काढून तिथं फूल टाकायचं. माझं तोंड वाकडं दिसलं तर माझं लग्न मोडेल म्हणून त्यानं मायेनं गुलाब टाकला होता.

आम्ही धावत त्याच्या घरी गेलो. बायको म्हणाली, "मूळ कॅसेट व्हय? ती तर लग्नाला नेली. तिच्यावरच भरतात न पुढचं लग्न. नवी काहून वाया घालायची?"

मी आणि बाबा सेनगावच्या जीपमध्ये बसलो, पण ती भरल्याशिवाय सुटेना. ड्रायव्हर निवांत तंबाखू मळत होता. मी त्याला म्हटलं, "भाऊ, मला जीपमध्ये फिट आली तर तुमची सगळी सीटं पळून जातील. निघायचं का?" जीप निघाली. त्या दिवशी पहिल्यांदा फिट माझ्या कामाला आली.

लग्न मामाच्या सासुरवाडीचं होतं, म्हणजे मामा मांडवात हजरच. वंदना, हार घालणं, सगळं उरकलं होतं. पांढऱ्या कपड्यातले नवरा-नवरी खुर्च्यांवर बसले होते आणि आहेर चालला होता. एक जण माईकवरून नावं पुकारत होता, लोक पातेली, घागरी घेऊन येत होते आणि शूटिंगवाला स्टुलावर उभा राहून एकेक पातेलं टिपत होता.

"बंद करा!" मी खालून ओरडले. "माझी कॅसेट हाय ती! माझी फिट कुठं हाय तिच्यात?"

कॅसेट किती फिरली ते दाखवणारा कॅमेऱ्यातला आकडा त्यानं पाहिला. "अर्ध्याच्या पुढं. बहुतेक."

"आणि तुमी कुठवर आला?"

"अर्ध्यावर. बहुतेक." तो स्टुलावरून खाली वाकला. "ताई, माझ्या हातात न्हाई. आहेर सुटला तर हे मला झोडपतील. नवरीच्या बापाला इचारा."

नवरीचे वडील आले. "काय हाय त्या कॅसेटीत?"

माझ्या आधी मामा बोलला, "काही न्हाई हो, पोरीचे फोटो हायत. स्थळाला दाखवायचे."

"मग पुन्हा काढा की. बारा पोझी काढा." आणि ते शूटिंगवाल्याला म्हणाले, "चालू द्या."

मामानं माझा दंड धरला आणि डोळ्यांनी सांगितलं, गप राहा. गप राहिले असते तर सगळं सोपं होतं. पुढच्या दहा पातेल्यांत माझी फिट कायमची पुसली जाणार होती. मग मी नाटकी, मग बोहला, मग कुठल्याशा घरात आयुष्यभर लपवाछपवी.

मी दंड सोडवला आणि पुकारणाऱ्याच्या हातून माईक घेतला. लोकांना वाटलं, पोरगी मोठा आहेर घेऊन आली.

"मला मिरगी हाय," मी म्हणाले. "नाटक न्हाई, अंगात येणं न्हाई, मिरगी. माझी फिट त्या कॅसेटीत हाय, नांदेडच्या डॉक्टरला दाखवायची हाय, आणि तुमची पातेली तिच्यावर चढून राहिली. दोन मिनिटं थांबा."

कर्णा शेजारच्या गच्चीवर बांधलेला होता. अर्ध्या सेनगावानं ऐकलं. मामा होता तिथंच, सतरंजीवर बसला.

मग पांढऱ्या साडीतली नवरीच उठून उभी राहिली. "काढून द्या की हो तिची कॅसेट! पातेली काय पळून जाऊन राहिली?"

नवरीनं सांगितल्यावर बापाचं काय चालणार? लग्नघरी रात्रीसाठी डाकूंच्या एका पिक्चरची कॅसेट आणून ठेवली होती. तिच्यावर भरता यावं म्हणून कडेच्या भोकावर चिकटपट्टी लावली, कॅमेऱ्यात घातली आणि उरलेलं लग्न डाकूंवर भरलं. अर्ध्या लग्नाची नक्कल काढून द्यायच्या बोलीवर माझी कॅसेट मी पदरात गुंडाळली.

मामा बाबांना म्हणत होता, "गेलं न स्थळ. आता कोण करतं हिला?"

बाबा म्हणाले, "जाऊ दे स्थळ. कॅसेट आली न."

माझ्या बाजूनं बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. अजून कानात आहे.

नांदेडच्या डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या वरच होतं. त्यांनी आम्हाला वर नेलं, व्हीसीआर लावला आणि समोर बँडबाजा सुरू झाला. कॅसेट पुढं पळवली तशी पोटभर वरात, पळत पळत जेवणाऱ्या पंगती, पातेल्यांची रांग. डॉक्टर एकदाही हसले नाहीत. मग एक पातेलं मध्येच तुटलं आणि आमचं अंगण आलं.

मी माझी फिट तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

सूप हातातून सुटलं नाही, हळूच कलंडलं. माझी मान डावीकडे वळली, जणू कुणी हाक मारली. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नाही. ओठ काहीतरी चघळत होते. उजवा हात साडीचा काठ चिमटीत धरत होता, सोडत होता, पुन्हा धरत होता. मावशी सुनेबद्दल बोलतच होती, तिला बराच वेळ पत्ताच नाही. मग मी आडवी झाले आणि माय धावत आली.

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी भयंकर दिसत असेन. त्या अंगणात एक पोरगी कुठंतरी निघून गेली होती आणि तिचा हात तेवढा मागं राहून साडी चाचपत होता. मला तिचा राग आला नाही. तिला नाटकी म्हणणाऱ्यांचा आला.

डॉक्टरांनी कॅसेट मागं घेतली, पुन्हा पाहिली, मान वळते तिथं थांबवली.

"ही मिरगीच," ते म्हणाले. "मेंदूच्या एका कोपऱ्यातून निघते. रेघा चांगल्या आल्या म्हणजे फिट नाही असं होत नाही. आतापर्यंतची गोळी या फिटची नव्हतीच. ती बदलू."

बाबांनी डॉक्टरांकडे रिमोट मागितला. तो तुकडा त्यांनी स्वतः पुन्हा लावला आणि संपेपर्यंत पाहिला. "मी इतकी वर्षं समोर बसून पाह्यली न," ते म्हणाले, "तरी म्हणलो नुसती बसते."

नव्या गोळीनं फिट गेली असं मी म्हणणार नाही. ती वर्षातून एखाद्या वेळी येते, जुनी ओळख विसरत नाही. पण डॉक्टरांचं लिहिलेलं घेऊन मी कॉलेजात परत गेले.

आणि परत गेल्यावर सराव पाठ आले. डी.एड.ला प्रत्येकाला वर्गासमोर एक पाठ घ्यावा लागतो, शैक्षणिक साधन वापरून. बाकीच्या पोरी तक्ते रंगवत होत्या, पुठ्ठ्याचे ज्वालामुखी करत होत्या. मी विषय घेतला 'फिट आल्यावर काय करावे'. कॉलेजात एक टीव्ही आणि व्हीसीआर कुलपात पडून होता, तो उघडायला लावला. मागच्या बाकावर प्राचार्य वही घेऊन गुण द्यायला बसले होते.

मी कॅसेट लावली. वरात पुढं पळवली, पातेली पळवली, अंगणात आले. मान वळली तिथं मी चित्र थांबवलं आणि छडी पडद्यावरच्या माझ्यावर टेकवली.

"सर," मी थेट मागच्या बाकाकडे पाहत विचारलं, "या ठिकाणी तुम्ही काय केलं असतं?"

सगळा वर्ग मागं वळला. प्राचार्य वहीत बघत म्हणाले, "चप्पल हुंगायला दिली असती."

"चूक," मी म्हणाले. "बसा. कुशीवर कसं वळवायचं ते आता दाखवते. पुढं कोण येतं?"