टबातला लव्हाळा

संध्याकाळी नेरूळच्या खाडीकडून वारा सुटला की बाल्कनीतल्या टबातला ओल्या चिखलाचा वास घरभर पसरतो. पाहुणे नाक मुरडतात. मला मात्र त्या वासाने ह्यांची आठवण येते आणि हातातलं काम तसंच राहतं.

गुलाब-मोगऱ्याचं ह्यांना फारसं कौतुक नव्हतं. निवृत्तीनंतर ह्यांनी जीव लावला तो लव्हाळ्याला! उंच हिरव्या दांड्या आणि प्रत्येकीच्या माथ्यावर पानांची उघडलेली छत्री. नर्सरीवाले त्याला अंब्रेला पाम म्हणतात. तसं कोणी म्हटलं की ह्यांचा पारा चढे. "पाम कसला? लव्हाळा आहे तो!" त्याला पाय ओले लागतात म्हणून टबात कायम पाणी, आणि डासांच्या अळ्या खायला त्यात गप्पी मासे. नवं रोप करायची रीत तर जगावेगळी. छत्री कापायची, पानं कात्रीने आखूड करायची आणि पाण्याच्या ग्लासात ती चक्क डोकं खाली करून ठेवायची. काही दिवसांनी पानांच्या बेचक्यातून पांढरी मुळं फुटत. मग स्वयंपाकघरापर्यंत हाक येई, "अगं, ये लवकर, मुळं आली!" मी "आले, आले" म्हणत गॅस बारीक करायची. मुळं काय पळून जाणार होती? पण ह्यांना दम निघत नसे. असा हा लव्हाळा सोसायटीत कितीतरी घरी गेला.

हे गेले ते भर वैशाखात. घर माणसांनी भरलेलं. धाकट्या दिरांनी मायेपोटीच टब रिकामा केला, मासे बादलीत काढले आणि आतली लव्हाळ्याची कुंडी कोरडी करून उन्हात सरकवली. "वहिनी, साठलेलं पाणी नको, डेंग्यूचं टेन्शन," म्हणाले. दिवसकार्य उरकून मी बाल्कनीत गेले, तेव्हा साऱ्या छत्र्या वाळून गेल्या होत्या. पाणी घातलं, वाट पाहिली, एकही कोंब आला नाही. चारचौघांत आवरून धरलेलं रडू त्या काड्यांपाशी फुटलं. ह्यांच्या हातचं जिवंत असं घरात तेवढंच उरलं होतं.

एक दिवस तळमजल्यावरच्या आगरी शेजारीणबाई दारात उभ्या राहिल्या, हातात लव्हाळ्याने गच्च भरलेली बादली. "ताई, ह्यो दादांनी दिलेला हाय. तुमचा सुकला म्हनून आनलाय. मना फकस्त एक पिल्लू करून द्या, दादा करायचे तसं."

टब पुन्हा भरला. मासे परतले. मी एक छत्री कापली आणि ह्यांच्याच ग्लासात उलटी ठेवली. माणसाने वाटून टाकलेलंच मागे राहतं, असं वाटून त्या दिवशी जरा बरं वाटलं. पण झाड परत आलं तरी हाक काही परत येत नाही.

आज सकाळी भाजी फोडणीला टाकली होती. कोणी बोलावलं नव्हतं, तरी "आले, आले" म्हणत मी बाल्कनीत गेले. ग्लासात पांढरी मुळं आली होती. मी बघत उभी राहिले. गॅस बारीक करायचा राहिला होता. आत भाजी करपली.